ओली हळद

"काही होत नाही रे बाळा," असं म्हणत मी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते. दोन वर्षं होऊन गेली, पण त्या बारीक मनगटांची धडपड अजून माझ्या तळव्यांतून गेलेली नाही. चुलत पुतणीची हळद होती. वैशाखातलं ऊन, दारात मांडव, तेलात कालवलेली हळद परातीत, आणि नवरीचं उरकल्यावर बायकांनी एकमेकींना हळद फासायला सुरुवात केलेली. दादू मांडवाच्या खांबाला एका हातानं धरून त्याच्याभोवती गोल गोल फिरत होता. दादू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, तेव्हा सात वर्षांचा. कुणीतरी हौसेनं हळदीची दोन बोटं त्याच्या गालावरून ओढली. तो रडला नाही. आधी त्याचा आवाजच गेला, अंग काठीसारखं ताठ झालं, आणि मग तो गाल खांबाला गुंडाळलेल्या कापडावर घासायला लागला. कातडी लाल झाली तरी थांबेना. मी धावले. पदरानं गाल पुसायचं सोडून, चार बायका बघतायत म्हणून, मी त्याचे हात धरले आणि समजुतीच्या सुरात ते वाक्य म्हणाले. मागून कुणीतरी "फार लाडावलंय" असंही म्हणालं. धाकटी आतून आली, त्याला उचललं आणि मोरीकडे घेऊन गेली. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

काही होत नव्हतं ते मला. त्याला होत होतं.

सांगलीत राहून हळदीपासून लांब राहता येत नाही. हंगामात मार्केट यार्डाच्या बाजूनं गेलं की तो वास नाकात नाही, थेट घशात जाऊन बसतो. 2018 मध्ये इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून शेजारच्या हरिपूरच्या जमिनीतली पेवं हळदीनं भरत असत. त्या लग्नानंतर महिनाभरानं मी दादूला घेऊन ओळखीच्या एका अडत दुकानात गेले होते, वर्षाची हळद घ्यायला. मनात धास्ती होतीच. मी मालकांशी बोलतेय तोवर हा तोंड उघड्या पोत्याजवळ गेला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत हळकुंडांत खुपसून उभा राहिला. डोळे मिटलेले. हळकुंडं एकमेकांवर घासल्याचा तो कोरडा, खडखडीत आवाज. हात बाहेर काढायचा, परत आत घालायचा, बोटं आत मिटून मूठ घट्ट करायची. दहा मिनिटं तरी तो तसा होता. चेहऱ्यावर अशी शांतता, जी मी त्याच्या तोंडावर क्वचितच पाहिली असेल. मालक भले माणूस, "राहू द्या बाई, खेळू द्या त्याला," म्हणाले. परत येताना रिक्षात त्याचे हात पिवळे होते, आणि त्या पिवळेपणाचं त्याला काहीच वाटत नव्हतं. तीच हळद. मग मांडवात काय झालं होतं?

हा प्रश्न मी घेऊन गेले ती त्याच्या ओटीच्या मॅडमकडे. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारी. दादू ऑटिस्टिक आहे, म्हणजे बोलणं-वागणं आणि बाहेरचं जग जाणवणं जन्मापासूनच वेगळ्या घडणीचं. आठवड्यातून दोनदा धाकटी त्याला तिथे नेते, आणि तिला सुट्टी मिळत नाही तेव्हा मी. मॅडमनी उत्तर द्यायच्या आधी माझ्या हाताच्या मागच्या बाजूवरून एक बोट हलकेच, अगदी टेकेल न टेकेल असं फिरवलं. माझ्या अंगावर शहारा आला. मग त्यांनी तोच हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन घट्ट दाबला, आणि शहारा विरला. डास बसला की आपण चापट मारतो, खाज सुटली की दाबून धरतो, ते याच्यासाठीच, त्या म्हणाल्या. हलका, ओला, अचानक आलेला स्पर्श सगळ्यांनाच सावध करतो. खोल, घट्ट, सारखा दाब बहुतेकांना शांत करतो. दादूच्या बाबतीत त्या सावधपणाचा पडदा फार पातळ आहे. तुम्हाला जो शहारा आला, तो त्याला दहा पटीनं आला असेल आणि जायला अर्धा तास लागला असेल, असं समजा. हळकुंडं कोरडी होती, कडक होती, त्यांचा दाब चहूबाजूंनी सारखा होता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात घालायचा की काढायचा हे तो स्वतः ठरवत होता.

हे शेवटचं मी वहीत लिहून ठेवलं.

एकतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. ज्ञानेंद्रिये किती, असं फळ्यासमोर उभं राहून विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, पाच! डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा. पाठ्यपुस्तकात होतं ते शिकवलं, चूक काही नव्हती. पण दादूच्या निमित्तानं साठीच्या उंबरठ्यावर मला कळलं की आणखीही आहेत. आपले स्नायू आणि सांधे सतत मेंदूला कळवत असतात की हात कुठे आहे, किती वाकलाय, किती जोर लावलाय. म्हणून अंधारातही घास तोंडातच जातो. आतल्या कानात अर्धवर्तुळाकार तीन नळ्या असतात, त्यांतला द्रव हलला की डोकं कुठल्या दिशेला वळलं ते कळतं; आणि त्यांच्याच शेजारी वर-खाली, पुढे-मागे ओळखणारी आणखी दोन इंद्रियं असतात. हे सगळं एकमेकांशी नीट जुळलं तर मूल बाकावर बसू शकतं, पेन्सिल धरू शकतं, गर्दीत चालू शकतं. जुळण्यात अडचण असली तर त्याचं वागणं आपल्याला आगाऊपणा, आळस किंवा हट्ट वाटतो. कॅलिफोर्नियातल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी हा विचार मांडला, आणि 1972 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मी शाळेत नोकरीला लागले त्याच्या कितीतरी आधी. आमच्या डी.एड.च्या दोन वर्षांत तिचं नाव एकदाही कानावर आलं नाही.

आणि आता ते कळल्यावर एक मुलगा सारखा डोळ्यांसमोर येतो. पलूसच्या बाजूच्या एका गावात होते तेव्हा दुसरीच्या वर्गात होता. पाटीवर इतक्या जोरानं लिहायचा की पेन्सिलीचे तुकडे व्हायचे. शर्टाची कॉलर चघळून चघळून ओली, कुरतडलेली. बाकावर बसला की एक पाय खाली दुमडून, सारखा डुलत. गळीत हंगामात कारखान्याला निघालेल्या बैलगाडीतला ऊस उपसून आणायचा आणि मधल्या सुट्टीत अख्खं कांडं दातांनी सोलून खायचा. त्या दिवशी तिसऱ्या तासाला तो सगळ्यांत शांत असायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण का, ते मी कधी विचारलं नाही. डुलण्यासाठी मी त्याला मागे उभं करायची. उभा राहून तो पाढे बिनचूक म्हणायचा. मला वाटायचं, शिक्षेची भीती कामाला येते. भीती नव्हती ती. उभं राहिल्यावर त्याच्या पायांना जमीन लागत होती, पाठीला भिंत लागत होती, शरीर जागेवर आलं होतं. पाण्याची बादली भरून आणायला कोण जाणार म्हटलं की त्याचा हात पहिला वर, आणि मी मुद्दाम दुसऱ्याला पाठवायची, कारण याला वर्गाबाहेर जायचं निमित्त हवंय अशी माझी खात्री. बादलीचं ओझं हेच त्याला हवं होतं. आज तो कुठे आहे मला माहीत नाही. भेटला तर काय बोलायचं तेही ठरत नाही.

धाकटी तेव्हा भिलवडीला राहायची. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं तशी ती आणि भावजी तीन वर्षांच्या दादूला घेऊन माझ्याकडे विश्रामबागेत आले. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, आणि आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलेलं. घरात आम्ही चौदा माणसं. वीज नाही, डोक्यावरून हेलिकॉप्टर जातंय, दिवसरात्र फोन, कोण कुठे अडकलंय त्याची चौकशी. दादू तीन रात्री झोपला नाही. कानांवर हात दाबून भिंतीला पाठ घासत बसायचा, डोळा लागला की दचकून उठायचा. तेव्हा निदान झालेलं नव्हतं, आम्हाला वाटायचं पोर घाबरलंय. चौथ्या रात्री थंडी वाजत असेल म्हणून मी माळ्यावरची आईची वाकळ काढली. आईच्या आणि आजीच्या जुन्या लुगड्यांची, सात-आठ थरांची, जवळजवळ चार किलोची ती वाकळ. तिच्यातले धागे इतके जवळजवळ की बोटाला चरे लागल्यासारखं वाटतं. ती त्याच्या अंगावर टाकली, आणि पोर बघता बघता सैल झालं. आधी खांदे, मग जबडा, मग मुठी. थोड्या वेळानं मी ओझं होईल म्हणून एक घडी काढायला गेले, तर झोपेतच त्यानं ती परत ओढून घेतली. धाकटी दारात उभी राहून रडत होती, आवाज न करता. पुरात तिचं काय काय गेलं होतं. ती त्यासाठी रडत नव्हती.

टेंपल ग्रँडिन या अमेरिकन बाईंबद्दल मी पुढे वाचलं. त्या स्वतः ऑटिस्टिक, पुढे प्राणिविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. लहानपणी त्यांना कुणी मिठी मारलेली सहन होत नसे, आणि कुणीतरी घट्ट धरावं असंही सारखं वाटे. ॲरिझोनात नातेवाइकांच्या शेतावर त्यांनी गुरांना लस टोचायचा खोडा पाहिला. आपल्याकडे जनावरांच्या दवाखान्यासमोर लोखंडी पाइपांचा असतो ना, तसाच, फक्त तिथे दोन्ही बाजूंच्या फळ्या जनावराला दाबून धरतात. दाब पडल्यावर काही गुरं शांत होतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. दाब किती हवा ते स्वतःच्या हातानं ठरवायचं. मी ते वाचलं तेव्हा मला आईची वाकळ आठवली, आणि मांडवात दादूचे धरून ठेवलेले हातही आठवले. धरणं दोन्हीकडे होतं.

पण म्हणून वाकळ हे औषध, असं मी कुणाला सांगत नाही. इंग्लंडमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांना जड पांघरुणं देऊन त्यांची झोप मोजली गेली, निष्कर्ष 2014 मध्ये आले. झोप वाढली नाही. मुलांना आणि आईबापांना मात्र जड पांघरूणच जास्त आवडलं. त्याच्या दोन वर्षं आधी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं म्हटलं होतं की सेन्सरी थेरपी, म्हणजे स्पर्श आणि हालचालींच्या सरावातून केलेली थेरपी, एकूण मदतीचा एक भाग म्हणून चालेल, पण तिच्यामागचा पुरावा तोकडा आहे हे पालकांना आधी सांगा. आणि 2022 मध्ये वेल्स आणि इंग्लंडमधली 138 मुलांवरची चाचणी आली. चार ते अकरा वर्षांची मुलं, जीन एअर्सच्या पद्धतीनं थेरपी. चिडचिड आणि अस्वस्थपणा या मुख्य मोजमापात नेहमीच्या मदतीपेक्षा फरक दिसला नाही. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. धाकटीच्या पगारातला केवढा तरी वाटा त्या झोपाळ्यांवर आणि गोळ्यांवर जातो. गोळे म्हणजे ते मोठे रबरी चेंडू, ज्यांच्यावर पालथं घालून मुलांना पुढे-मागे झुलवतात. मी तो कागद मॅडमना दाखवला, जरा घुश्शातच. त्यांनी तो आधीच वाचलेला होता. त्या म्हणाल्या, झोपाळ्यानं ऑटिझम जातो असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या. मी तुम्हाला काय सांगितलं होतं? दादूला डबा खाताना भाजीला हात लावता यावा, केस कापून घेता यावेत, आणि त्रास झाला तर ओरडण्याआधी तसं सांगता यावं. एवढंच आपण मोजतोय. आणि सहा महिन्यांत हललं नाही तर मीच बंद करा म्हणेन.

त्यांच्याकडच्या खोलीत मी तासन्‌तास बसलेय. छताला आकडे, त्यांना टांगलेला पाटीचा झोपाळा, कोपऱ्यात धान्याची घमेली, भिंतीला गाद्या. कणकेचं मला सगळ्यांत जास्त आठवतं. दादू ओल्या कणकेला बोट लावत नसे. मॅडमनी मळलेल्या कणकेचा गोळा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून त्याच्यासमोर ठेवला. पिशवीवरून दाबायचं, हात कोरडा राहतो. तीन आठवडे पिशवी. मग पिशवीला एक बारीक भोक, त्यातून कणीक सुतळीएवढी बाहेर आली, आणि तो ती बघत बसला. बघण्यातच दोन दिवस गेले, कुणी घाई केली नाही. नंतर एके दिवशी त्यानं कोरड्या पिठात आधी बोट बुडवलं आणि मग त्या सुतळीला लावलं. आपलं आपण. आमच्या घरात पोराला कणीक मळायला बसवणं, पाण्याची कळशी उचलायला लावणं, फुगडी घालणं हे सगळं होतंच, आणि मॅडम ज्याला जड काम म्हणतात ते हेच. पण आपल्याकडे आधीपासून सगळं ठाऊक होतं असं मला म्हणवत नाही. ज्या घरात वाकळ होती, त्याच घरात अशा पोराला वेडसर म्हणून पाहुणे आले की माडीवर बसवत होते. माझ्या माहेरीच होता असा एकजण. तो दिवसभर वर एकटा फेऱ्या मारायचा, आणि खाली आम्हाला त्याच्या पावलांचा आवाज यायचा.

हातांबद्दल मात्र आमचं अजून एकमत नाही. दादू आनंदात असला की दोन्ही हात खांद्यांजवळ आणून पंखांसारखे फडफडवतो. हे कधी थांबेल, असं धाकटीनं विचारलं तेव्हा मॅडमनी उलट विचारलं, ते थांबवून आपल्याला काय मिळवायचंय? त्यानं त्याला इजा होत नाही, दुसऱ्याला होत नाही. न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द नव्वदच्या दशकात ऑटिस्टिक माणसांच्याच चर्चांमधून पुढे आला, आणि त्यांचं म्हणणं हेच होतं, की आमचा मेंदू वेगळ्या घडणीचा आहे, मोडलेला नाही. मदत हवी ती त्रासाला, आमच्या असण्याला नको. मला हे पटतं. पण सांगली-मिरज एसटीत दादूनं खिडकीतून रेल्वे बघून हात फडफडवले, तेव्हा शेजारच्या बाईनं आपलं लेकरू ओढून मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं विचारलं, "काय येडं-बिडं हाय का?" त्या क्षणी माझा हात आपोआप त्याच्या हातावर गेला, खाली दाबायला. मी मध्येच थांबवला. त्यानं ते पाहिलं. हात खाली घेतले त्यानं, स्वतःहून, आणि उतरेपर्यंत मांडीखाली दाबून बसला. मी जिंकले नव्हते, आणि त्या बाईला काही बोललेही नव्हते. आजही त्या जागी असते तर काय करीन हे मला ठामपणे सांगता येत नाही.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ऑटिझम असलेल्या अकरा मुलांच्या नोंदी लिहिल्या, त्यांतही मोठ्या आवाजाला घाबरणारी मुलं आहेत. आवाज, स्पर्श, उजेड जास्त किंवा कमी जाणवणं हे निदानाच्या अमेरिकन निकषांत आलं ते 2013 मध्ये. मधली सत्तर वर्षं केवढी तरी मुलं तेच सांगत होती. ओरडून, अंग घासून, कॉलर चघळून.

यंदाच्या माघात धाकट्या दिराच्या मुलाची हळद होती. धाकटीला मी आधीच फोन केला, येऊ नकोस म्हणायला नव्हे, कसं करू या ते विचारायला. ती म्हणाली, ताई, त्यालाच विचार. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "खुर्च्या." मला कळेना. लग्नघरी पोचल्यावर कळलं. मांडववाल्यांची पोरं टेम्पोतून प्लॅस्टिकच्या खुर्च्या उतरवत होती, आणि दादू सरळ तिकडे गेला. एकात एक घातलेल्या तीन खुर्च्या छातीशी कवटाळून तो मांडवात न्यायचा, ठेवायचा, परत यायचा. पहिल्यांदा पोरांनी त्याला हटकलं, मग एकानं खुर्च्या त्याच्या हातात द्यायलाच सुरुवात केली. आत बँजो वाजायला लागला तसा त्यानं कानांवर हेडफोन चढवला आणि काम चालू ठेवलं. हळद सुरू झाली. वाटी घेऊन बाहेर आलेल्या एका काकूंना मी म्हटलं, त्याला नको, त्याला त्रास होतो, मला लावा. त्यांनी मनापासून लावली, दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी.

सगळं उरकल्यावर मी आणि तो मांडवाच्या मागे, उरलेल्या दोन खुर्च्यांवर बसलो. तो घामेजलेला, गप्प, एका पायाचा अंगठा जमिनीत रुतवत. उन्हात माझ्या गालावरची हळद वाळत चालली होती. आधी नुसती घट्ट वाटली, मग ओढायला लागली, मग हसायला गेले तर तडकली, आणि कपाळावरचा एक थेंब सुकत सुकत भुवईपाशी आला, इतका हळू की मला दुसरं काही सुचेना. आयुष्यात किती वेळा हळद लावून घेतली असेल, पण तिच्याकडे असं लक्ष कधी गेलं नव्हतं. मी ओठ मिटून बसले होते. दादू माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांत नाही, तो डोळ्यांत बघत नाही, गालाकडे. मग त्यानं आपली पाठपिशवी पुढे ओढली, चेन उघडली, आणि त्याची आई त्याच्यासाठी कायम ठेवते तो जाडाभरडा, कोरडा पंचाचा तुकडा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"पूस," तो म्हणाला. "जोरात."